‘पेक्षा’पाशी अडलेले गणित

समजा, एका चित्रात पाच पक्षी आणि तीन अळ्या आहेत. ‘पक्षी अळ्यांपेक्षा कितीने जास्त?’ असे विचारले, तर बरीच लहान मुले गोंधळतात किंवा ‘पाच’ म्हणून मोकळी होतात. पण ‘पक्षी अळ्यांवर झेपावले आणि प्रत्येकाने एकच पकडली, तर किती पक्षी उपाशी राहतील?’ या प्रश्नाला तीच मुले चटकन ‘दोन’ म्हणतात. टॉम हडसन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशाच प्रयोगांत पहिल्या धाटणीच्या प्रश्नाला पहिलीतल्या ६४ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले, तर दुसऱ्या धाटणीच्या प्रश्नाला सगळ्यांनी.

वजाबाकी तीच होती, वाक्य तेवढे बदलले. ‘अळ्यांपेक्षा कितीने’ या दोन शब्दांतला ‘ने’ जी संख्या मागतो, ती चित्रात कुठेच सुटी दिसत नाही. उपाशी पक्षी मात्र बोटाने दाखवता येतात.

मोठ्या मुलांचीही फसगत होते. ‘नीताकडे ८ गोट्या आहेत. त्या समीरच्या गोट्यांपेक्षा ३ ने जास्त आहेत. समीरकडे किती?’ यातला ‘जास्त’ दिसताच पेन्सिल ८ + ३ मांडते आणि ५ ऐवजी ११ येतात. अशी उलटी वाक्यरचना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही चकवते, हे लुईस आणि मेयर यांनी १९८७ मध्ये दाखवले. ‘जास्त म्हणजे बेरीज’ ही वर्गात शिकवली जाणारी युक्ती या चुकीला खतपाणी घालते, असे मला वाटते.

शाब्दिक उदाहरणांपलीकडेही भाषा गणितात डोकावतेच. पाढे ध्वनींच्या साखळीसारखे पाठ होतात, त्यामुळे शब्दांतले ध्वनी नीट पकडता न येणाऱ्या मुलांना वाचनाबरोबर पाढेही जड जाऊ शकतात. संख्यानामांचीही तीच गत: ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र दोन आधी. जर्मनमध्येही हाच उलटा क्रम असल्याने तिथली मुले ऐकलेल्या संख्येचे अंक उलटे लिहितात, असे अभ्यासांत आढळले आहे. मराठीतल्या ‘एकोणतीस’मध्ये तर ऐकू येतात तीस आणि लिहायचे असतात २९.

तरीही गणित म्हणजे भाषाच नव्हे. मेंदूला इजा होऊन वाक्यांचे आकलन जवळजवळ गमावलेल्या काही प्रौढांना अंकांतली गणिते सोडवता येत होती, असे २००५ मधील एका अभ्यासात दिसले. म्हणून ११ हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला आधी ८ – ३ तोंडी विचारावे, आणि ते बिनचूक आले, तर जास्त गोट्या कोणाकडे आहेत, एवढेच त्याच्या शब्दांत सांगायला लावावे.