शोधखिडकीच्या मागे असलेली नोंद : ग्रामीण विदर्भातील महाविद्यालयीन ग्रंथालयांची पार्श्वभूमी

1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन नियतकालिकांच्या सामायिक वर्गणीची केंद्रीय योजना सुरू झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेल्या या योजनेत 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद आहे. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके तिच्यातून वाचता येतात. दर्यापूर, उमरखेड, आर्वी अशा तालुक्याच्या गावातल्या प्राध्यापकाला मात्र आधी एकच विचारायचे असते : हे आपल्या महाविद्यालयाला लागू आहे का? पहिल्या टप्प्यात केंद्र व राज्य शासन स्वतः चालवते त्या संस्था घेतल्या आहेत. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतली बहुतेक महाविद्यालये शिक्षण संस्थांनी काढलेली, खासगी व्यवस्थापनाची आणि शासनाच्या अनुदानावर चालणारी आहेत. पंजाबराव देशमुखांनी 1932 मध्ये अमरावतीत सुरू केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेपासून ही परंपरा चालत आली आहे. त्यामुळे योजनेचे नाव ‘एक राष्ट्र’ असले, तरी गावातल्या विद्यार्थ्याला अजून एन-लिस्टवरच, म्हणजे महाविद्यालयांसाठीच्या जुन्या ई-नियतकालिक योजनेवरच, अवलंबून राहावे लागते. ही मोठी उणीव आहे आणि ती लवकर भरून निघायला हवी.

आज संगणकावर दिसणारी शोधखिडकी नवी असली, तरी तिला काय सापडेल हे आधी कुणी काय नोंदवले त्यावर ठरते. म्हणून सुरुवात दाखल नोंदवहीपासून करावी लागते. पुस्तक आले की तारीख, दाखलांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, बिल क्रमांक, किंमत, वर्गांक आणि शेरा असे लांबलचक रकाने भरायचे. ही वही हिशेब तपासणीसाठी होती, वाचकासाठी नव्हे. तिच्यात विषयाचा रकानाच नसे. वाचकासाठी कार्डांची तालिका होती : 12.5 × 7.5 सेंटिमीटरचे जाड कार्ड, खाली भोक आणि त्यातून गेलेली सळई. एका पुस्तकाची निदान तीन कार्डे करायची, लेखकाचे, शीर्षकाचे आणि विषयाचे. कर्मचारी कमी असले की सगळ्यात आधी विषयाचे कार्ड गळायचे, कारण त्यासाठी पुस्तक उघडून पाहावे लागते. ड्युईच्या वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्याला 891.46 हा एकच क्रमांक मिळतो. पुढे कविता, नाटक, कादंबरी असा विस्तार केला नाही, तर सगळे मराठी साहित्य एकाच ढिगात पडते. अनेक ठिकाणी नेमके हेच झाले.

नियतकालिकांतले लेख तर या तालिकेत येतच नव्हते. अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 रोजी स्थापन होईपर्यंत पश्चिम विदर्भही नागपूर विद्यापीठाच्याच कक्षेत होता. रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्याला ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’ या लेख-सारांशांच्या सूचीचे खंड असलेले मोठे ग्रंथालय गाठावे लागे. तिथे विषयसूची पाहायची, सारांशाचा क्रमांक टिपायचा, सारांश वाचायचा आणि मूळ लेखाची छायाप्रत दिल्लीच्या इन्सडॉककडून टपालाने मागवायची. इन्सडॉक ही शास्त्रीय लेखांच्या प्रती पुरवणारी राष्ट्रीय संस्था 1952 सालची. हाताने केलेल्या या शोधाचा एक गुण आजही घेण्यासारखा आहे : आपला विषय सूचीत कोणत्या शब्दाखाली असेल, याचा विचार माणूस आधी करत असे.

संगणक आला तो नोंदीसाठी, शोधासाठी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1991 मध्ये ग्रंथालयांना संगणकाने जोडणारा इन्फ्लिबनेट कार्यक्रम सुरू केला आणि 1996 मध्ये ते स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्र झाले. या केंद्राचे ‘सोल’ हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर 2000 मध्ये आले आणि युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवण्याची समान पद्धत) चालणारी 2.0 आवृत्ती 2009 मध्ये. त्याच 2000 साली न्यूझीलंडमध्ये कोहा हे ग्रंथालयाचेच मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सुरू झाले. आज आपल्या भागात दोन्ही दिसतात. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाच्या संगणकीकरणाला गुण असल्यामुळे या कामाला वेग आला आणि काही ठिकाणी घाईही झाली.

त्या घाईचे परिणाम आजही भोगावे लागतात. 20,000 पुस्तके असतील आणि एक माणूस दिवसाला 80 नोंदी करत असेल, तर 250 कामाचे दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष. नॅकच्या समितीची तारीख तोंडावर आली की पुस्तके न उघडता थेट दाखल नोंदवहीवरून नोंदी केल्या गेल्या. मार्क 21 या नोंदणीच्या नमुन्यात 100 क्रमांकाच्या रकान्यात लेखक, 245 मध्ये शीर्षक आणि 650 मध्ये विषय असतो. वहीत विषय नव्हताच, म्हणून 650 कोरा राहिला. आता ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या तालिकेत, विद्यार्थी ‘सिंचन’ असा विषय टाकतो, समोरच्या कपाटात सिंचनावरची पुस्तके उभी असतात आणि पडद्यावर निकाल शून्य येतो. मग ‘संगणकात काही सापडत नाही’ म्हणून तो ओपॅककडे पुन्हा वळत नाही. शिवाय, मराठी शीर्षके काहींनी रोमन लिपीत टाकली, काहींनी देवनागरीत. एकाच लेखकाचे आडनाव आधी एका नोंदीत आणि शेवटी दुसऱ्या नोंदीत आले.

देवनागरीत टाकलेल्या नोंदींचीही वेगळी अडचण आहे आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी, कारण मराठीचे बरेच संशोधन तिच्यामुळे डोळ्यांआड राहते. युनिकोडच्या आधी टंकलेखन श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांत होई. त्या फाइलीत पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात वेगळीच चिन्हे. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की अगम्य अक्षरे उमटतात. शोधयंत्रही तीच अक्षरे वाचते. युनिकोडमध्येही सगळे एकसारखे नाही. ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ हा विदर्भातल्या कितीतरी प्रबंधांचा विषय. त्यातला ‘ऱ्या’ दोन रीतींनी साठवता येतो : खास ऱ अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून. तिसरा प्रकार म्हणजे चुकून पडलेला ‘शेतकर्यांच्या’. डोळ्यांना पहिले दोन सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 मध्ये आले; त्याआधीच्या नोंदींत अ आणि वर चंद्र अशी जोडणी आहे. म्हणून मराठीत शोधताना एकदा निकाल आला नाही की ‘नाही’ असे समजू नये. प्रत्यय काढून ‘शेतकरी’ टाकावे, ‘आत्महत्या’ हा एकटाच शब्द टाकून पाहावा, मग इंग्रजी शीर्षक.

शोधगंगेवर हे विशेष जाणवते. आयोगाच्या 2009 च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेत देशभरातले प्रबंध सर्वांना मोफत वाचायला मिळू लागले. त्यासाठी सभासदत्व लागत नाही. प्रबंध प्रकरणवार वेगळ्या फाइलींत असतो, म्हणून पहिल्या फाइलीत नुसते मुखपृष्ठ पाहून खिडकी बंद करू नये. जुने मराठी प्रबंध बरेचदा स्कॅन केलेली चित्रे असतात. त्यांच्या आतला मजकूर शोधता येत नाही, फक्त शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक आणि सूचक शब्द शोधता येतात. पुन्हा प्रश्न नोंदीचाच.

विद्यापीठांना ई-नियतकालिके एकत्रितपणे देणारा इन्फोनेट संघ 2003 च्या अखेरीस सुरू झाला होता, पण संलग्न महाविद्यालये त्याच्या बाहेर होती. त्यांच्यासाठी मे 2010 मध्ये एन-लिस्ट आले. आयोगाच्या कायद्यातील 2(फ) आणि 12(ब) कलमांखाली मान्यता असलेल्या कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांना त्यात 6,000 हून अधिक नियतकालिके आणि ई-पुस्तके मिळाली. सुरुवातीला ते मोफत होते. पुढे अनुदानित महाविद्यालयाला वर्षाला 5,000 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 5,900 रुपये पडू लागले. एका परदेशी नियतकालिकाची वर्गणीही त्यात भागली नसती. धारणी असो की अहेरी, गावातल्या प्राध्यापकाला एवढे मोठे भांडार यापूर्वी कधी मिळाले नव्हते.

तरीही वापर कमी का, याची कारणे साधी आहेत. महाविद्यालयाचा प्रशासक खात्यांची यादी भरतो आणि वाचकाला ई-मेलवर पासवर्ड जातो. यादीत ई-मेलचे एक अक्षर चुकले की तो पासवर्ड पोहोचत नाही आणि विद्यार्थी महिनाभर वाट पाहतो. उत्तीर्ण होऊन गेलेल्यांची खाती तशीच राहतात, नव्यांची उघडली जात नाहीत. वर्गणीचे बिल कार्यालयात अडकले की सगळ्यांचाच प्रवेश बंद पडतो. सगळ्यात जास्त घडणारी चूक वेगळी आहे : विद्यार्थी गुगलवरून थेट प्रकाशकाच्या पानावर जातो, तिथे डॉलरमध्ये किंमत दिसते आणि लेख विकतच आहे असे तो धरून चालतो. परवानगी एन-लिस्टच्या लॉगिनला असते. आधी तिथे प्रवेश करावा, स्रोतांच्या यादीतून प्रकाशक निवडावा आणि मगच लेख शोधावा. महाविद्यालयातले प्रवेश झाल्यानंतर पंधरा दिवसांत प्रत्येक खाते एकदा वाचकासमोर उघडून पाहिले, तर यातल्या निम्म्या अडचणी तिथेच मिटतात.

शब्द निवडताना वऱ्हाडचा इतिहास आडवा येतो. इंग्रजी अमदानीतल्या अहवालांत यवतमाळ हे ‘येओटमल’, अमरावती हे ‘अमराओती’, बुलढाणा हे ‘बुलडाना’, चंद्रपूर हे ‘चांदा’ आणि वऱ्हाड ‘बेरार’ म्हणून येतो. 1947 पूर्वीचे काही शोधायचे तर ही जुनी रूपे ‘ऑर’ने (यांपैकी कोणतेही एक चालेल) जोडावी लागतात. विदर्भ या शब्दाच्या रोमन रूपात ‘डी’नंतर एक जास्तीचा ‘एच’ घातलेल्या नोंदीही पुष्कळ आहेत. ‘गोंडवाना’ टाकले की आधी कोळशाचे आणि खडकांचे भूशास्त्रीय लेख येतात; गोंड समाजाबद्दल हवे असेल तर ‘गोंड’ला ‘ट्राइब’ किंवा ‘आदिवासी’ जोडून घ्यावे. गुलाबी बोंडअळीसाठी ‘पिंक बोलवर्म’ हे दोन शब्द अवतरणचिन्हांत एकत्र टाकावेत, नाहीतर गुलाबी आणि अळी वेगवेगळ्या असलेले लेखही येतील. सोबत ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ हे शास्त्रीय नाव ‘ऑर’ने आणि ‘महाराष्ट्र’ हे ‘अँड’ने (दोन्ही असायलाच हवे) जोडावे. पहिल्या शोधात ‘विदर्भ’ घातले की निकाल फारच आक्रसतो, कारण लेखाच्या सारांशात बहुधा राज्याचेच नाव असते.

जुन्या नोंदी दुरुस्त करण्याचे काम एकदम होत नाही, पण क्रम लावता येतो. आधी संदर्भ विभाग आणि विदर्भविषयक पुस्तके घ्यावीत : गॅझेटियर, जिल्ह्यांचे इतिहास, कोरकू आणि गोंडी भाषांवरची पुस्तके, महाविद्यालयाचे जुने वार्षिकांक. बाकीच्या पुस्तकांच्या तयार नोंदी इतर ग्रंथालयांच्या तालिकांतून उतरवून घेता येतात. या पुस्तकांच्या तशा मिळणे कठीण, त्या इथेच कराव्या लागतात. प्रत्येकीत 650 चा रकाना भरावा, विषय मराठीत आणि इंग्रजीत असे दोनदा द्यावा आणि गावाचे नाव जुन्या व नव्या दोन्ही रूपांत लिहावे.