आंतरदेशीय पत्र ते व्हिडिओ कॉल : दुरून होणाऱ्या समुपदेशनाची पार्श्वभूमी

विट्याचा गलाई कारागीर, म्हणजे सोने-चांदी गाळणारा, दक्षिणेतल्या एखाद्या शहरात, पाटण-जावळीचा माथाडी मुंबईत, अपशिंग्याचा जवान सीमेवर आणि बायकापोरे गावी. सातारा-सांगलीत दुरून संसार करण्याची रीत काही पिढ्यांची आहे. भांडणही मनीऑर्डरीच्या कुपनावर किंवा निळ्या आंतरदेशीय पत्रात व्हायचे, पुढे एसटीडी बूथवर, मागे रांग उभी असताना. त्यामुळे इथल्या ऑनलाइन समुपदेशनाची गोष्ट इंटरनेटपासून सुरू होत नाही.

खाजगी अडचण अनोळखी जाणकाराला लिहून विचारण्याची सोय मराठीत र. धों. कर्वे यांनी केली. १९२७ साली सुरू झालेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरूनच खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. हा सल्ला होता, उपचार नव्हे. एक प्रश्न, एक उत्तर, पुढे काय झाले ते कळायला मार्ग नाही. हा फरक आजही पुसला जातो: मेसेजवर आलेल्या चार ओळींच्या उत्तराला लोक सर्रास ‘थेरपी’ म्हणतात.

पडद्यावरचा उपचारही आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे. अमेरिकेत नेब्रास्काच्या मनोरुग्णसंस्थेत १९५९च्या सुमारास दुतर्फा टीव्हीवर गटोपचार झाले. १९६६ मध्ये तिथल्याच एमआयटी विद्यापीठात जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा गप्पा मारणारा संगणक प्रोग्रॅम केला. समोरच्याचेच वाक्य प्रश्न करून परत देण्यापलीकडे तो फारसे काही करत नसे. तरी त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी ‘बोलताना’ त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. चॅटबॉटपाशी मन मोकळे करणाऱ्यांनी ही हकीकत जरूर ध्यानात ठेवावी.

आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला, जिल्हा पातळीवर तो १९९६ पासून. पण राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. जत किंवा आटपाडीहून निघायचे तर प्रवासातच दिवस जायचा, शिवाय ‘येरवड्याला नेले’ हा शब्द जन्मभर चिकटायचा. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला आणि उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा कायदेशीर हक्क ठरला. दूरवैद्यकाचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याचे नियम २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी जाहीर झाले. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही फोनवरून समुपदेशनाची सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर मोफत सुरू आहे.

समोर कोण बसले आहे, इथे गोंधळ सर्वात जास्त. औषध लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर. औषधाऐवजी बोलण्यातून उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागितला तर चांगला माणूस रागावत नाही. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र एम.ए. झालेलाही लावतो आणि आठ दिवसांचा कोर्स केलेलाही. शिक्षण थेट विचारावे.

सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचे, सुरुवातीला बहुधा आठवड्यातून एकदा. पहिल्या वेळी तज्ज्ञ तुमचा त्या क्षणीचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर घेतो. लोकांना ही चौकशी वाटते. पण समोरचा माणूस जिवाचे बरेवाईट करण्याच्या बेतात असेल, तर शंभर मैलांवरच्या तज्ज्ञाच्या हातात तेवढेच असते.

फसते ते बहुधा घरामुळे. माजघरात सासूबाई, ओसरीवर दीर, आणि सासरविषयी बोलायचे त्यांच्याच कानावर. मग बाई ‘हो’, ‘नाही’ एवढेच बोलते आणि तज्ज्ञाला वाटते, ही मोकळी होत नाही. इअरफोन लावले तरी तिचा आवाज बाहेर ऐकू येतोच. त्यापेक्षा माहेर, मैत्रिणीचे घर किंवा मोटारीची खोली बरी, फक्त पंप बंद असताना. फोन दोघांत एकच असेल तर चॅट आणि कॉलची नोंद नवऱ्याला दिसते, हे तज्ज्ञाला आधीच सांगून ठेवावे. रेंज गेली तर कोणी कोणाला फोन लावायचा तेही पहिल्याच दिवशी ठरवावे. नाहीतर रडता रडता कॉल तुटतो आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. चित्र अडकू लागले की व्हिडिओ बंद करून आवाजावर चालू ठेवावे.

जोडप्यासाठी मात्र हे माध्यम इथे खरोखर सोयीचे. तो दुकानाच्या माळ्यावरून, ती विट्यातून, तिसऱ्या चौकटीत तज्ज्ञ. नवरा वर्षातून दोनदा, जत्रेला आणि दिवाळीला येतो, तेवढ्या दिवसांत एकत्र उपचार जमणे अशक्यच. मारहाण होत असेल तर जोडप्याने एकत्र सेशन घेऊ नये: ती तिथे जे बोलते त्याचा हिशेब कॉल संपल्यावर घरात होतो. तिथे आधी तिचे एकटीचे बोलणे, आणि हाताशी महिला हेल्पलाइन १८१.