सायनसची डोकेदुखी आणि नाक धुण्याची योग्य पद्धत : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून नेतीपात्र (नाक धुण्याचे तोटीचे भांडे) नेणारे ग्राहक बहुधा दोनच प्रश्न विचारतात : नळाचे पाणी चालेल का, आणि डोके दुखायचे कधी थांबेल? पहिल्याचे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर, दुखणे मुळात सायनसचेच आहे का, यावर अवलंबून असते.

कपाळ, गाल आणि नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. त्यांतील स्राव बारीक छिद्रांवाटे नाकात उतरत असतो, परंतु सर्दीने आतले अस्तर सुजले की ही छिद्रे बुजतात, स्राव साचतो आणि चेहरा जड होऊन ठणकू लागतो. गालातील पोकळीचे छिद्र तर तळाशी नसून वरच्या अंगाला असते, त्यामुळे उभ्या माणसात तिचा निचरा सहज होत नाही.

नाक चोंदलेले, स्राव घट्ट आणि वास येईनासा झालेला असेल, तर दुखणे सायनसचे असण्याची शक्यता अधिक. नाक मोकळे असून मळमळत असेल आणि उजेड सहन होत नसेल, तर मात्र ती अर्धशिशी असू शकते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या किंवा तसे निदान झालेल्या सुमारे 3000 रुग्णांपैकी 88 टक्के रुग्णांची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकारातली निघाली. अशा दुखण्यावर आमचे पात्र काहीही करू शकणार नाही, हे विक्रेते असूनही आम्ही आधीच सांगतो.

नाक धुण्यासाठी एक लिटर पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते किमान एक मिनिट (2000 मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे) उकळत ठेवावे आणि झाकून कोमट होऊ द्यावे. त्यात 9 ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड सपाट छोटा चमचा, आयोडीन नसलेले बारीक मीठ विरघळवावे. हा खारटपणा शरीरातील द्रवांशी जुळतो. साध्या पाण्याने नाकात जी झिणझिणी येते, ती यामुळे येत नाही. बेसिनवर ओणवे होऊन मान एका बाजूला कलती करावी, तोंडाने श्वास घ्यावा आणि वरच्या नाकपुडीत पाणी हळूहळू सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. नंतर नाक एकेका बाजूने अलगद शिंकरावे, कारण जोर लावल्यास पाणी कानाकडे ढकलले जाते. कान दुखत असल्यास किंवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपाय करू नये.

उकळलेल्या पाण्याचा आग्रह उगाच नाही. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पाण्यासोबत पोटात गेल्यास अपाय करत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास बहुधा जीव घेतो. 2011 मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोन व्यक्ती अशाच दगावल्या.

कपाळावर व गालांवर कोमट ओल्या फडक्याचा शेक आणि झोपताना उशाशी थोडी अधिक उंची, यांनीही हलके वाटते. वाफेने तात्पुरते बरे वाटते, परंतु उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून भाजण्याचा धोका मोठा असल्याने मुलांना अशी वाफ देऊ नये. नाक मोकळे करणारे औषधी थेंब सलग काही दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट जास्त चोंदते. वेष्टनावर दिलेली मुदत पाळावी.

त्रास दहा दिवसांनंतरही कमी झाला नाही, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा वाढला, तर डॉक्टरांकडे जावे. डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, मान आखडणे, खूप ताप किंवा भ्रम यांपैकी काहीही आढळल्यास एक दिवसही थांबू नये. शेंबूड हिरवा झाला एवढ्यावरून प्रतिजैविके सुरू करण्याचे कारण नाही.

प्रत्येक वापरानंतर पात्र साबणाने धुऊन उकळलेल्या पाण्याने विसळावे आणि उघडे ठेवून पूर्ण कोरडे होऊ द्यावे. घरात प्रत्येकाचे पात्र वेगळे असावे; तोटीला तडा गेलेले पात्र वापरू नये.