स्टिअरिंग हलकं पडतं तेव्हा: रेसिंग सिम्युलेटरच्या चाकामागची पन्नास वर्षं

पहिल्या पावसात गोव्याकडे चोर्ला घाट उतरताना जुन्या मारुती ८०० च्या स्टिअरिंगवर ज्याचे हात होते, त्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागलेली नाही. वळणावर गाडी सरकायच्या आधी क्षणभर स्टिअरिंग हलकं पडतं. डोळ्यांना अजून काही दिसलेलं नसतं, गाडी आपल्या बाजूलाच असते, पण हाताला बातमी पोचलेली असते. त्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं, त्यामुळे पुढच्या टायरांचं म्हणणं थेट तळहातापर्यंत यायचं. सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या गाडीची नक्कल करणारे संगणकी खेळ, खेळणारी पोरं ज्याला फोर्स फीडबॅक किंवा नुसतं एफएफबी म्हणतात, म्हणजे स्टिअरिंगमधल्या मोटरने हाताला उलट जोर देणं, त्याचा सगळा खटाटोप या एका क्षणासाठी आहे.

हे हलकं पडणं येतं कुठून, ते आधी पाहू. पुढचा इतिहास त्याशिवाय नुसती यंत्रांची यादी वाटेल. टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा. चाक वळवलं की तिथलं रबर पिळवटतं. पुढच्या कडेला रस्त्याला चिकटलेलं रबर मागे जाता जाता जास्त ताणलं जातं, म्हणून बाजूचा जोर त्या पट्ट्याच्या मध्यावर न लागता थोडा मागे लागतो. एवढ्याशा अंतरामुळे चाकाला सरळ व्हायची ओढ लागते आणि तीच स्टिअरिंगमध्ये जाणवते. पकडीची मर्यादा जवळ आली की मागचं रबर आधी घसरतं, जोराची जागा पुढे सरकते, अंतर आटतं आणि ओढ उतरते. गंमत अशी की त्या वेळी टायरची पकड अजून शिगेला पोचलेली नसते. ओढ आधी उतरते, पकड नंतर. या दोहोंमधल्या फटीत चांगला ड्रायव्हर गाडी सावरून घेतो.

खेळांच्या दुनियेत स्टिअरिंग आलं ते मात्र मुकं. अटारीचं ग्रॅन ट्रॅक १० हे आर्केड यंत्र, म्हणजे नाणं टाकून खेळायचं यंत्र, १९७४ चं. त्याला स्टिअरिंग होतं, गिअर होता, पेडल होती, पण ते स्टिअरिंग म्हणजे गोल आकाराचं बटणच. तुम्ही सांगायचं, यंत्राने ऐकायचं; उलट काही यायचं नाही. १९७६ साली सेगाच्या मोटरसायकलच्या खेळात टक्कर झाली की हँडल थरथरायचं. थरथर म्हणजे काही टायर नव्हे, तरी यंत्राकडून हाताकडे काहीतरी निघालं, हे नवीन होतं. म्हापशाला व्हिडिओ पार्लर होतं तेव्हा आम्हीही तिथल्या एका चाकाशी झटायचो. ते स्प्रिंगवर चालायचं. जितकं वळवाल तितकं परत ओढायचं. गाडी रस्त्यावर असो, गवतात असो की हवेत असो. आम्हाला तेवढ्यानेच खरी गाडी चालवल्यासारखं वाटायचं.

खरं वळण १९८९ चं. अटारी गेम्सचं हार्ड ड्रायव्हिन' त्या वर्षी आलं. रिक मॉन्क्रीफ यांच्या गटाचं ते काम. त्यात क्लच होता, चावी फिरवून इंजिन सुरू करावं लागायचं आणि स्टिअरिंगला मोटर होती. पण मोलाची गोष्ट मोटर नव्हती. त्या खेळातल्या गाडीचं गणित करायला त्यांनी डग मिलिकन यांना सोबत घेतलं होतं. डग यांचे वडील विल्यम मिलिकन हे मूळचे विमानांच्या चाचण्या करणारे इंजिनिअर. विमानाच्या स्थैर्याचं जे गणित होतं ते मोटारगाडीला लावता येतं, हे दाखवून देणाऱ्यांत त्यांचं नाव पुढे. १९४८ साली अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनच्या पहिल्या शर्यतीत त्यांनी स्वतःची बुगाटी उलटवली, तर त्या वळणाला त्यांचंच नाव पडलं. बापलेकांनी मिळून १९९५ मध्ये रेसिंग गाड्यांच्या गतिशास्त्रावर लिहिलेला जाडजूड ग्रंथ अजून इंजिनिअरांच्या टेबलावर असतो. तर अशा घरातला माणूस एका आर्केड यंत्रासाठी बसला. हार्ड ड्रायव्हिन'च्या रस्त्यावर एक उभा गोल फेरा होता आणि कडेला एक गाय होती. तिला धडकलं की ती हंबरायची. पावसाळ्यात हमरस्त्यावर ठाण मांडून बसलेल्या गुरांना वळसे घालणाऱ्या गोंयकाराला यापेक्षा वास्तववादी खेळ सापडणार नाही.

घरच्या संगणकावर गोष्टी उलट्या क्रमाने आल्या. तिथे गणित आधी पोचलं आणि चाक फार उशिरा. जेफ क्रॅमंड यांनी १९८० च्या दशकाच्या मध्याला बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकावर फॉर्म्युला थ्री गाडीचा खेळ केला, तोही सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकसकट. १९८९ मध्ये डेव्हिड केमर यांच्या पॅपिरस कंपनीचा इंडियानापोलिस ५०० आला. त्यात टायर, गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख असं बरंच काही बदलता यायचं आणि बदललं की गाडी खरोखर वेगळी वागायची. आणि हे सगळं चालवायचं कीबोर्डच्या बाणांवर, फार तर जॉयस्टिकवर!

याच सुमाराला नेदरलँड्समध्ये वेगळ्याच कामासाठी एक सूत्र तयार झालं. डेल्फ्टच्या विद्यापीठातले हान्स पासेका आणि व्होल्वोचे इंजिनिअर यांनी १९८७ मध्ये टायरच्या वागण्याचं एक समीकरण मांडलं. त्रिकोणमितीतले साइन आणि आर्कटॅन एकात एक गुंफून ते टायरच्या मोजमापांच्या आलेखावर अचूक बसवलं होतं. ते असंच का बसतं याला भौतिकशास्त्राचं सरळ उत्तर नव्हतं, म्हणून त्याला मॅजिक फॉर्म्युला हेच नाव चिकटलं. त्यातून तीन गोष्टी निघतात: पुढेमागे लागणारा जोर, बाजूला लागणारा जोर आणि चाकाला सरळ करू पाहणारी ती ओढ. पहिल्या दोघांवर पडद्यावरची गाडी पळते. तिसरी गोष्ट हाताची. घरी खेळणाऱ्याच्या हातापर्यंत ती न्यायला मात्र यंत्रच नव्हतं.

ते यंत्र १९९७ नंतर आलं. खेळ आणि संगणकाची जोडणी करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सच्या पाचव्या आवृत्तीत फोर्स फीडबॅकसाठी सोय झाली, त्यामागे अमेरिकेतल्या इमर्शन कंपनीचं तंत्र होतं. लगोलग मोटर असलेल्या जॉयस्टिक आणि पाठोपाठ स्टिअरिंग दुकानांत आली. माझ्या मते या काळात चूक अशी झाली की बहुतेक खेळांनी ही मोटर वाजंत्र्यासारखी वापरली. दगडावर चाक गेलं, वाजव थरथर. टक्कर झाली, दे धक्का. सगळं आधी ठरवून ठेवलेलं. टायर काय म्हणतोय हे त्यात कुठेच नव्हतं. आजही काही खेळांत हेच चालतं आणि जाहिरातीत त्यालाच वास्तव म्हणतात.

पॅपिरसचा ग्रँड प्रिक्स लेजंड्स १९९८ चा. १९६७ च्या फॉर्म्युला वनच्या गाड्या, म्हणजे पंख नाहीत, टायर अरुंद आणि ताकद भरपूर. तो इतका अवघड निघाला की फारसा खपला नाही. पण ज्यांना लागला त्यांना कायमचा लागला. सिम्युलेटरच्या पुढच्या पिढीतली बरीच मंडळी त्याच्यावर पोसलेली आहेत. केमर यांनी पॅपिरस बंद पडल्यावर २००४ मध्ये आयरेसिंग काढलं आणि ते २००८ मध्ये सुरू झालं. रस्त्याचा प्रत्येक उंचवटा लेझरने मोजायचा आणि तोच हातात द्यायचा, हा त्यांचा आग्रह. मॅजिक फॉर्म्युलावर भागत नाही म्हणून त्यांनी पुढे टायरचं स्वतःचं गणितही मांडलं. दरम्यान इंग्लंडमधून लाइव्ह फॉर स्पीड, अमेरिकेतून २००५ चा आरफॅक्टर आणि इटलीतून नेटकार प्रो असे छोट्या गटांचे खेळ आले. त्यांतल्या काहींनी वाजंत्री बंद केली. पुढच्या सस्पेन्शनवर येणारा जोर मोजायचा आणि तेवढाच मोटरला द्यायचा, बस्स. नेटकारवाल्या कूनोस गटाने २०१४ मध्ये असेटो कोर्सा काढला. त्यातलं गणित सेकंदाला ३३३ वेळा होतं. साधा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. हात डोळ्यापेक्षा चलाख असतो हे गृहीतच धरलेलं आहे.

चाकांची बाजूही हलत होती. ग्रॅन टुरिस्मो या खेळाच्या तिसऱ्या भागाबरोबर २००१ मध्ये लॉजिटेकचं मोटरवालं चाक प्लेस्टेशनला आलं आणि पुढे ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरणारं. २००६ च्या जी २५ ला क्लच आणि एच आकाराचा गिअर होता. ही चाकं दातेरी गिअरवर चालायची, त्यामुळे सरळ रस्त्यावर मधोमध जरा खडखडायची. आमच्या दमट हवेत वर्षभरात ती खडखड आणखी वाढते, हा स्वानुभव. मग पट्ट्यावर चालणारी आली. आणि मग काही हौशी लोकांना वाटलं की मधे काही हवंच कशाला? सीएनसी यंत्रांना, म्हणजे आपल्या कुंडई-वेर्ण्याच्या कारखान्यांत असतात तशा संगणकाने धातू कापणाऱ्या यंत्रांना, ज्या सर्वो मोटरी लागतात त्यांच्याच दांड्यावर त्यांनी सरळ स्टिअरिंग बसवलं. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात ते हेच. २०१० नंतरच्या दशकात हौशी लोकांचा हा उद्योग कंपन्यांनी उचलला आणि २०२१ मध्ये फॅनाटेक या चाकं बनवणाऱ्या कंपनीने तुलनेने स्वस्त चाक काढल्यावर तो टेबलावर आला. जी २५ च्या पिढीतली चाकं दोन-अडीच न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) जोर देत, ही पाचापासून पंचवीसपर्यंत जातात.

पण जोर म्हणजे खरेपणा नव्हे. पोरं सेटिंगमध्ये गेन, म्हणजे जोराचं प्रमाण, शंभरावर नेतात, मोटर आपल्या मर्यादेला टेकते आणि त्यापुढचं सगळं एकसारखं जड लागतं. याला क्लिपिंग म्हणतात. मग वळणात ती हलकं पडण्याची बातमी कापलीच जाते. एका मॉलमधल्या गेमिंग झोनमध्ये मी अशाच चाकावर पंधरा मिनिटांचे पैसे मोजले. हातांचे दंड भरून आले, टायर काही भेटला नाही. गेन साठ-पासष्टवर आणून पाहा, गाडी बोलायला लागते.

इकडे खेळातलं चाक बोलकं होत असताना खऱ्या गाडीचं चाक गप्प होत गेलं. विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग पहिल्यांदा १९८८ मध्ये सुझुकीच्या सेर्वो या छोट्या गाडीत आलं. इंधन वाचतं, पार्किंगला सोपं जातं, म्हणून आता ते जवळपास सगळीकडे आहे. मोटर जो भार उचलते त्याबरोबर टायरची कुजबुजही गिळते. गोव्यात रेसिंगचा पक्का ट्रॅक नाही. कोइमतूरची करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई दोन्ही दूरची. म्हणजे इथल्या विशीतल्या पोराला टायरची ओढ पहिल्यांदा कळते ती खोलीतल्या टेबलाला क्लॅम्पने आवळलेल्या चाकावर.

गेल्या चवथीला डिचोलीच्या घरी असंच एक चाक मांडलं होतं. गणपतीवरची माटोळी बांधून झाली होती, पोरं शर्यतीला बसली होती. धाकटे काका येऊन उभे राहिले. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत त्यांनी खनिजाचा ट्रक चालवला, सगळे घाट आणि जेट्टीचे उतार हातांनी पाठ केलेले. पुतण्याने उठून जागा दिली. काकांनी पहिल्याच वळणाच्या शेवटी दोन्ही हात सोडून दिले.

"काका, हात सोडू नका हां, गाडी जाईल!"

"बघूया तर, सरळ येतं का ते."

चाक सळसळत उलटं फिरलं, मधे आलं, थोडं पलीकडे जाऊन परत मधे थांबलं. काकांनी मान हलवली आणि मग मात्र हात घट्ट ठेवले. चौथ्या-पाचव्या वळणाला स्वतःशीच म्हणाले, "सोडतोय हा पुढचा," आणि पाय उचलला. पडद्यावर अजून काहीच झालेलं नव्हतं.

तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टरवर फक्त दिवे होते. काळ्या पडद्यासमोर काकांनी मोटर बंद पडलेलं चाक एका बोटाने इकडून तिकडे फिरवलं.

"हां," ते म्हणाले, "आता अगदी माझ्या नव्या गाडीसारखं झालं."