अभिजात भौतिकी म्हणजे जुनी भौतिकी का?

‘अभिजात’ म्हणजे जुनी, मोडीत निघालेली आणि ‘आधुनिक’ म्हणजे तिची दुरुस्त आवृत्ती, ही समजूत कॉलेजात एकदा बसली की सहसा हलत नाही. तारखाही तिला साथ देतात. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ 1687 चा, मॅक्सवेलचा विद्युतचुंबकीय सिद्धांत 1860 च्या दशकातला, प्लांकची पुंजकल्पना, म्हणजे ऊर्जा पुड्यांत येते ही क्वांटमची सुरुवात, 1900 ची. पण एडवर्ड लोरेन्झने 1963 साली हवामानाच्या समीकरणांत केऑस, म्हणजे सुरुवातीच्या किंचित फरकाने पुढचं सगळं बदलणं, दाखवून दिला, तो कुठे बसवायचा? तो निखळ अभिजात आहे, क्वांटमचा त्यात मागमूसही नाही.

खरा फरक गृहीतकांचा. वस्तूची जागा आणि वेग एकाच वेळी हवे तितके अचूक सांगता येतात आणि ऊर्जेचे हवे तेवढे बारीक तुकडे करता येतात, हे अभिजात भौतिकी धरून चालते. या पायावर यांत्रिकी, उष्मागतिकी आणि विद्युतचुंबकत्व ही तिची मोठी दालनं उभी आहेत. प्रकाशशास्त्र आणि ध्वनिशास्त्र पुस्तकांत वेगळी दिसतात खरी. पण मॅक्सवेलनंतर प्रकाश विद्युतचुंबकत्वात सामावला आणि ध्वनी तर आधीपासूनच यांत्रिकीचा.

हा पाया कुठे खचतो, ते भट्टीतल्या लोखंडी सळईकडे बघून कळतं. तापताना ती आधी तांबूस होते, मग नारिंगी, मग पिवळट पांढरी. अभिजात हिशेबाने तरंगलांबी जितकी कमी, तितकी बाहेर पडणारी ऊर्जा जास्त. म्हणजे कोमट सळईनेसुद्धा अतिनील किरणांचा भडिमार करायला हवा! तसं काही घडत नाही. ऊर्जा ठरावीक मापाच्या पुड्यांतच दिली-घेतली जाते असं प्लांकने धरलं आणि गणित सळईच्या रंगांशी जुळलं. कमी तरंगलांबीची पुडी मोठी असते. कोमट सळईला ती परवडतच नाही.

दुसरी भेग प्रचंड वेगापाशी, पण ती न्यूटनच्या यांत्रिकीला. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार वेगात असलेलं घड्याळ मागे पडतं. ताशी 900 किलोमीटर वेगाचं विमान वर्षभर अखंड उडत राहिलं, तरी निव्वळ वेगामुळे त्यातलं घड्याळ सुमारे 11 मायक्रोसेकंदच मागे पडेल. म्हणून विमानाचा पंख आखताना आइन्स्टाइनला कोणी बोलावत नाही, न्यूटन पुरतो. जीपीएसचं तसं नाही. वेग आणि गुरुत्वाकर्षण यांच्या एकत्रित परिणामाने त्या उपग्रहांतली घड्याळं दिवसाला साधारण 38 मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तेवढ्या वेळात प्रकाश 11 किलोमीटर कापतो. ही दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते.

गंमत म्हणजे पाठ्यपुस्तकं सापेक्षता ‘आधुनिक’च्या खणात ठेवतात, पण अनेक भौतिकशास्त्रज्ञ तिला अभिजातच म्हणतात, कारण तिच्यात पुड्या नाहीत. मला त्यांचंच पटतं. प्लांकचा स्थिरांक, म्हणजे पुडीचं माप ठरवणारा आकडा, समीकरणात आला की अभिजातची हद्द संपली, ही खूण सालापेक्षा कितीतरी भरवशाची आहे.