मानसिक रवंथ

घडून गेलेली चूक, हुकलेली संधी किंवा तोंडातून निघून गेलेला शब्द मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहण्याची सवय. त्यातून ना निर्णय निघतो, ना कृती. बोलीभाषेत याला ‘उगाळणे’ म्हणतात. ‘रुमिनेशन’ ही मानसशास्त्रातील संज्ञाही गुरांच्या रवंथावरूनच आलेली आहे. फरक असा, की रवंथाने चारा पचतो; मनातला मजकूर मात्र दर फेरीला चिवट होत जातो. (रोगांच्या वर्गीकरणात ‘रुमिनेशन डिसऑर्डर’ नावाचा एक विकार आहे, पण तो गिळलेले अन्न परत तोंडात येण्याचा. नामसाम्यामुळे गोंधळ होऊ नये.) विचारांचा रवंथ हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. नैराश्य आणि चिंताविकार यांत तो ठळकपणे दिसतो आणि एरवी धडधाकट असलेल्या माणसालाही सोडत नाही.

पश्चात्ताप म्हणजे रवंथ नव्हे. चूक कळल्यावर वाईट वाटणे उपयोगाचेच असते. त्याशिवाय माणूस सुधारणार कसा? मराठीत या वाईट वाटण्याच्या छटा बारकाईने वेगळ्या केलेल्या आहेत. चुटपुट लहानसहान गोष्टीची लागते आणि विरते. पस्तावा बहुधा केलेल्या गोष्टीचा होतो. रुखरुख मात्र राहून गेलेल्या गोष्टीची, आणि ती वर्षानुवर्षे टिकते. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ च्या सुमारास केलेल्या अभ्यासांतून नेमके हेच पुढे आले : नजीकच्या काळात माणसाला केलेली कृती सलते, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी जास्त बोचतात. केलेल्या चुकीचा परिणाम समोर असतो, त्यावर काहीतरी उपाय होतो, निदान समजूत तरी घालता येते. न केलेल्या गोष्टीचा परिणाम फक्त कल्पनेत असतो आणि कल्पनेला मर्यादा नसते.

या विषयाच्या अभ्यासाला दिशा दिली ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी. १९८९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा भूकंप झाला. योगायोगाने त्याच्या दोनच आठवडे आधी त्यांनी तिथल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. उदास वाटले की त्यातच घोळत राहायचे, ही ज्यांची सवय आधीच नोंदली गेली होती, त्यांच्यात भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. म्हणजे संकट सर्वांवर सारखेच आले, तरी ते किती मुरणार हे अंशतः आधीच्या सवयीवर ठरले. पुढे २००३ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी या सवयीचे दोन भाग पाडले. एक कुढणे, दुसरे आत्मपरीक्षण. खरा त्रास पहिल्याचा.

रवंथ सुटत नाही, कारण करणाऱ्याला तो रवंथ वाटतच नाही. आपण प्रश्न सोडवतो आहोत असे वाटते. त्यात भर पडते ती पश्चात्बुद्धीची. बारूच फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की निकाल कळल्यानंतर माणसाला तो आधीच अटळ वाटू लागतो. नोकरी बदलली आणि सहा महिन्यांत नवी कंपनी बुडाली, की ‘तेव्हाच कळायला हवं होतं’ हे वाक्य सुरू होते. ते तेव्हा कळण्याजोगे होते का, हे कोणी तपासत नाही.

‘सोडून दे, विचार करू नकोस’ हा सर्वांत जास्त दिला जाणारा आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी सल्ला. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते. विचार आला की घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली. नंतर मुभा दिल्यावर याच लोकांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. सुरुवातीपासून मुभा असलेल्यांच्या मनात तितके आले नाही.

मग उपाय काय? विचार थांबवण्यापेक्षा त्याची जात बदलणे. एक्सेटर विद्यापीठातील एडवर्ड वॉटकिन्स यांची उपचारपद्धती याच पायावर उभी आहे. रवंथाचे प्रश्न ‘का’ने बनतात आणि ते सर्वसामान्य स्वरूपाचे असतात. समजा, एका बाईने मैत्रिणीचा फोन उचलला नाही आणि चार दिवसांनी ती मैत्रीण वारली. ‘मी माणसांना गृहीत का धरते?’ या प्रश्नाला रात्रभर उत्तर मिळणार नाही. तीच गोष्ट घडली तशी लिहिली तर : ‘साडेनऊला फोन वाजला. मी मुलाला झोपवत होते. नाव पाहिलं. उद्या निवांत बोलू म्हटलं आणि फोन उलटा ठेवला.’ इथे हकीकत संपते. दुःख उरतेच, पण ते आता एका फोनचे असते, अख्ख्या स्वभावाचे नव्हे. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. ज्याने करून पाहिला त्याला तसा वाटत नाही.

भरपाई शक्य असेल तिथे ती करून टाकावी. माफी मागायची तर थोडक्यात, आणि ‘पण’ हा शब्द टाळून. माणूसच उरला नसेल तर उरतो तो शोक, आणि शोकाला वेळ द्यावा लागतो. स्वतःला क्षमा करणे म्हणजे दोष नाकारणे नव्हे : दोष मान्य करायचा आणि शिक्षेला मुदत घालायची.

‘बोलून मन हलकं होतं’ हे अर्धेच खरे. अमांडा रोझ यांच्या २००२ च्या अभ्यासात, एकमेकींशी तेच दुखणे वारंवार उगाळणाऱ्या मुलींची मैत्री घट्ट होती, पण मनही अधिक खचलेले होते. मोकळ्या निसर्गातल्या दीड तासाच्या चालण्याने रवंथ कमी झाल्याचे २०१५ च्या एका छोट्या प्रयोगात दिसले. विचार फक्त पाहायचा, त्याच्यामागे जायचे नाही, हे शिकवणारी सजगतेवर आधारित उपचारपद्धती नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांना विशेष उपयोगी ठरली आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, झोप उडाली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. त्यांना ‘फार विचार येतात’ एवढेच सांगून भागत नाही. कोणता विचार, दिवसातून साधारण किती वेळ आणि रात्री कितीला जाग येते, हे सांगितले तर निदान सोपे जाते.