कळकलेले दोन पैसे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी, आजीच्या पितळी डब्यात एक तांब्याचं नाणं निघालं. सयाजीराव महाराजांच्या काळातलं ‘दोन पैसे’, संवत् १९४९, म्हणजे साधारण इ. स. १८९२. घोड्याचा खूर आणि तलवार दिसत होती. ‘सेनाखासखेल’ या गायकवाडांच्या किताबाच्या अक्षरांवर हिरवा थर चढलेला. आत्याने लगेच चिंच भिजत घातली. “आत्या, नको घासूस,” म्हणत मी नाणं काढूनच घेतलं.

झिजणं आणि कळकणं, म्हणजे गंजून धातू खाल्ला जाणं, यांत मोठा फरक आहे. हातोहात फिरून नाणं झिजतं तेव्हा आधी उंचवटे जातात. अशा झिजेला प्रतवारी मिळते: १९४९मध्ये अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी मांडलेल्या १ ते ७० या मापावरच आजची प्रतवारी चालते. कळक मात्र कुठूनही धातू खातो, खोलगट जागाही सोडत नाही. खड्डे पडलेलं नाणं प्रतवारी करणाऱ्या कंपनीकडे तपासायला पाठवलं, तर बहुधा अंक मिळतच नाही. ‘अस्सल, पण पृष्ठभाग खराब’ एवढाच शेरा येतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल थर विरघळवून गुलाबी तांबं उघडं पाडतं. तेही भिंगाखाली लपत नाही.

हिरवा रंग दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. गुळगुळीत, घट्ट चिकटलेला गडद थर आतल्या तांब्याला जपतो. तो तसाच राहू द्यावा. धोका आहे फिकट हिरव्या भुकटीचा. तांब्यात क्लोराइड शिरलं असेल, तर ओल आणि हवा मिळताच त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते आणखी तांबं खातं आणि नवं क्लोराइड बनतं. मग हेच चक्र चालू राहतं. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. बडोद्याच्या पावसाळ्यात तर त्याला ओल आयतीच मिळते. प्रतवारीनंतर कंपनी नाणं ज्या प्लास्टिकच्या डबीत बंद करून देते, ती हवाबंद नसते, त्यामुळे तिच्यात घातल्यानेही तो थांबत नाही.

मी लाकडी दातकोरणीने हलकेच टोकलं. भुकटी सुटली, खाली खड्डा. हे नाणं पाठवायचं नाही, हे तिथेच ठरलं. बडोद्याची तांब्याची नाणी बाजारात सहज मिळतात. शेऱ्यापुरती फी भरून हाती काय येणार? नाणं खरोखर दुर्मीळ असतं, तर अस्सलपणाच्या शिक्क्यासाठी मी खड्ड्यांसकट पाठवलं असतं.

आता ते सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या बरणीत आहे. पुड्या ओल्या झाल्या की बदलते.